तंबूतली थंडी आणि निखाऱ्यांची पाटी

हिवाळा लागला की हल्ली आमच्या वस्तीतही तंबूत राहायला जाण्याचे वेड शिरते. पूर्वी सहल म्हणजे एस.टी. ठरवायची, लेणी नाहीतर समुद्र पाहायचा आणि रात्री घर गाठायचे. आता पोरांनी मोबाईलवर तळ्याकाठचे रंगीत तंबू पाहिले आणि हट्ट धरला. गेल्या डिसेंबरात आम्ही सहा कुटुंबे, लहानथोर धरून सव्वीस माणसे, दोन रात्रींसाठी भंडारदऱ्याला गेलो. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे इगतपुरी-घोटीवरून जीप. जागा देखणी आहे यात शंका नाही. प्रवरेवरचे १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, त्यामागचे अफाट पाणी, जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. पण देखाव्याची वर्णने करणारे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो कारकून. आमची नजर गोधडी, बादली आणि हिशेबावर.

माणशी दर ठरवताना तंबूवाल्याने "सगळे धरून" असे सांगितले होते. तिथे पोचल्यावर कळले की गरम पाण्याची बादली निराळी, शेकोटीची लाकडे निराळी, जादा ब्लँकेटचे भाडे निराळे. बरे, परिसर अभयारण्याचा; वाटेवरची काटकी तोडणेही मना, आणि ते योग्यच आहे. म्हणजे लाकूड त्याच्याकडूनच घ्यायचे. वर्षभर चार-चार आणे बाजूला टाकावेत तसे पैसे जमवून आलेली एक भगिनी पोराचे तोंड गार पाण्यानेच धुवत होती. म्हणाली, "आम्हाला सवय आहे, भाऊ." त्या सवयीची किंमत बादलीमागे चाळीस रुपये होती. वाचकहो, पैसे देण्याआधी काय धरून आणि काय सोडून, हे कागदावर लिहून घ्या.

पहिल्या रात्री मंडळी दोन-दोन ब्लँकेटे अंगावर घेऊन कुडकुडत होती. कारण पाठीखाली नुसती सतरंजी. गार जमीन अंगाची ऊब रात्रभर ओढून घेते. अंगावर चौथे पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली दुसरे अंथरलेले बरे. पहाटे तंबूच्या आतून थेंब पडू लागले, तेव्हा पोरे ओरडली, तंबू गळतो! तंबू गळत नव्हता. चार माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमून पाणी होते. चेन गच्च लावली की जास्तच. वरची जाळी थोडी उघडी ठेवावी, असे सांगून पाहिले. काकडलेला माणूस ऐकतो थोडाच! त्यात एका तंबूची चेन अर्ध्यावर अडकली, ती मेणबत्ती घासघासून हलवावी लागली.

थंडीवर खरा उपाय सांगितला तो गावातल्या एका ठाकर आजीने. भातकापणी झालेली, खळ्यावर पेंढा पडलेला. तिने दोन भारे काढून दिले. पैसे घेईना. मग तिच्याच चुलीवरच्या नागलीच्या भाकरी आणि पिठले आम्ही सव्वीस जणांसाठी विकत घेतले. तंबूवाल्याच्या पुलावापेक्षा ते जेवण किती सरस होते, हे पानांवर उरलेल्या पुलावाने सांगितले.

आता जरा अवघड गोष्ट. साठ-सत्तर माणसांच्या त्या तळावर संडास दोन. एकाला आतून कडी नाही. रात्री अकराला जनरेटर बंद, मग वाटेवर मिट्ट काळोख. पुरुषांना त्याचे काही वाटत नाही. पण आमच्या मंडळींनी संध्याकाळी चारपासून पाणीच प्यायचे सोडले होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजले. त्या दिवशी दुपारी आम्ही दोर आणून कडीच्या जागी बांधला, वाटेवर दोन बॅटऱ्या टांगल्या आणि बायकांनी जोडीजोडीने जायचे ठरवले. तळाची परीक्षा सूर्यास्तावरून करतात; आम्ही ती संडासाच्या कडीवरून करू.

दुसऱ्या रात्रीच शेजारच्या तंबूत तो प्रकार घडला. एका कुटुंबाचे लेकरू थंडीने रडायचे थांबेना, म्हणून बापाने शेकोटीतले निखारे लोखंडी पाटीत भरून आत नेले आणि चेन लावून घेतली. धूर नाही, वास नाही, छान ऊब. रात्री एकच्या सुमारास आमच्या घरातल्या बाईंना शेजारून ओकारीचा आवाज आला. त्यांनी हाक मारली तर उत्तर धड येईना. त्यांनी थेट चेन ओढली आणि लेकराला आधी बाहेर काढले. आई भेलकांडत बाहेर आली, डोके धरून बसली. बाप मात्र चिडला, झोपमोड का केली म्हणून!

पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने त्याला धरून ठेवते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मग गुंगी येते आणि झोपेतला माणूस झोपेतच राहतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, हीच समजूत जीव घेते. हे तंबूपुरते नाही. आमच्या वाचकांत रात्रपाळीचे वॉचमन आहेत, ट्रकवर जाणारे भाऊ आहेत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणारी घरेही आहेत. केबिन असो, खोली असो, दारे-खिडक्या लावून निखारे आत ठेवू नका. शेकून घ्या ते उघड्यावर, आणि निजताना पाटी बाहेरच राहू द्या. कुणाला त्रास झालाच तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा; बरे वाटले म्हणून घरी बसू नका.

त्या कुटुंबाला उजाडताच आमच्याच जीपने दवाखान्यात नेले. लेकराच्या बापाने वाटेत आमच्या बाईंचे पाय धरायला हात पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी पोराला टोपी घाल." लेकराला उरलेल्या पेंढ्यात गुंडाळूनच नेले होते.

तंबूवाल्याला विचारले तर म्हणे, "सगळेच नेतात आत, साहेब." प्रत्येक तंबूत निखाऱ्यांबद्दल ठळक पाटी लावावी, संडासाला कडी आणि रात्रभर दिवा असावा, दराचा कागद द्यावा, अशा तीन मागण्यांचे पत्र सहाही कुटुंबांच्या सह्यांनी त्याला रजिस्टर्ड पोस्टाने धाडले, नक्कल ग्रामपंचायतीला. पोचपावती आमच्या फाईलला आहे. उत्तर अजून यायचे आहे.