भोपाळचा कचरा जळाला, पण जमिनीखालच्या विषाचं काय?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ४० वर्षं पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमधून पीथमपूरला नेला गेला. जूनअखेर तो भट्टीत जळून संपला. भोपाळ सुटलं, असं अनेकांना वाटलं.

पण हा फक्त गोदामातला, डोळ्यांना दिसणारा कचरा होता. नागपूरच्या 'नीरी'ने हैदराबादच्या 'एनजीआरआय'सोबत २०१० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तिथली दूषित माती सुमारे ११ लाख टन आहे. म्हणजे जळालेल्या कचऱ्याच्या तीन हजार पटींहून जास्त.

हे विष १९८४ च्या गॅसचं नाही. कारखाना सुरू असताना घातक कचरा आवारातच टाकला जायचा आणि १९७७ पासून सांडपाणी बाहेरच्या तलावांत सोडलं जायचं. गॅसकांड झालं नसतं, तरी हे पाणी नासलंच असतं.

पाणी उपसून टाकलं तर?

इथेच खरी गोम आहे. या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, ट्रायक्लोरोइथिलीन अशी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट सापडली आहेत. तेल पाण्यावर तरंगतं, ही मात्र पाण्याहून जड असतात. त्यामुळे ती भूजलातही खाली खाली जातात, खडकांच्या भेगांत साचतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. पाणी उपसून, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून शुद्ध करता येतं, पण पंप थांबला की विष पुन्हा वाढू लागतं.

दुसरे उपायही आहेत: माती खणून काढणं, जमीन तापवून वाफ खेचून घेणं, लोखंडाच्या भुकटीची भिंत उभारणं. काही जिवाणू ट्रायक्लोरोइथिलीनमधला क्लोरीन तोडतात. त्यांना खाद्य म्हणून चक्क मळी किंवा खाद्यतेल जमिनीत सोडतात. मात्र हे काम अर्धवट राहिलं तर व्हिनाइल क्लोराइड तयार होतं, आणि ते कॅन्सरकारक आहे. त्यात भोपाळमध्ये सॉल्व्हंटसोबत कीटकनाशकं आणि पाराही आहे, त्यामुळे एकाच उपायावर भागणार नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये चिप कारखान्यांनी सोडलेल्या याच जातीच्या सॉल्व्हंटची सफाई १९८० च्या दशकात सुरू झाली. पैसा, तंत्रज्ञान, कायदा सगळं हाताशी असूनही ती अजून संपलेली नाही.

मग भोपाळमध्ये काय झालं?

सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या आदेशानंतर बाधित वस्त्यांना हळूहळू नळाचं पाणी मिळालं. ते गरजेचंच होतं, पण त्याने जमिनीखालचा साठा हलत नाही. उलट भूजल वाहतं तसा डाग पसरतो. आधी २२ वस्त्यांत धरलेलं प्रदूषण लखनौच्या 'आयआयटीआर'च्या २०१८ च्या तपासणीत ४२ वस्त्यांपर्यंत पोहोचलेलं दिसलं. त्यामुळे पहिली गरज आहे ती विष नेमकं किती खोल आणि कुठवर गेलंय, याच्या नव्या नकाशाची. त्याशिवाय खर्चाचा आकडा ठरणार नाही, आणि आकड्याशिवाय युनियन कार्बाइड विकत घेणाऱ्या डाऊ केमिकलकडे बिल तरी कशाचं मागणार?