परमुलखातला नाताळ

नाताळावर लिहिणारी मी ख्रिस्ती नाही आणि परदेशही मी पाहिलेला नाही. परदेशी गेलेल्या मराठी माणसाला तिकडे घरची दिवाळी आठवते आणि तो परत आला की तिकडचा बर्फातला नाताळ आठवतो. त्याच्या आठवणींचे लेख होतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. म्हणजे त्या आठवणींना बसायला सतरंजीही आहे. माझे आईवडील दरसाल दसरा झाला की जिल्हा ओलांडून ऊसतोडीला जात. त्यांचा परमुलूख तोच. तेथून परतलेल्या लेकरांना काय आठवते हे कोणी विचारीत नाही, म्हणून न विचारताच सांगते.

ढोकी म्हटले की लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो. माझ्या लहानपणी काही वर्षे तो बंद होता. पण चालू असता तरी आम्ही गेलोच असतो, कारण मुकादमाची उचल नेईल तिकडे कोयता जातो. (आमच्या बोलीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी.) आमचा कोयता पाच हंगाम नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, श्रीरामपूरकडच्या एका गावाला गेला. आईवडील पहाटे अंधारात फडात जात. धाकटा भाऊ कोपीतच जन्मला होता; त्याला झोळीत घालून मी झोका देत बसे. शाळा पहिली ते पाचवी निम्मीच झाली. दिवाळी बहुधा वाटेत किंवा फडात जाई. एका वर्षी तर लक्ष्मीपूजनाला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होतो.

त्या गावात ख्रिस्ती घरे पुष्कळ. डिसेंबर लागला की त्यांच्या दारांवर कागदी चांदण्या लटकत आणि संध्याकाळी भजनी मंडळींची फेरी निघे. टाळ, ढोलकी, पेटी. लांबून ऐकताना मला वाटे, आपल्या शेजारच्या तेरला गोरोबाकाकांच्या देवळातच भजन चालले आहे. यात नवल नाही हे कॉलेजात आल्यावर कळले. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत, ओव्यांत गायिली. त्यांचे बरेच आयुष्य याच जिल्ह्यात गेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना राहुरीचे नाव आले की मी थांबते. आमच्या उसाच्या गाड्या त्या बाजूने जात.

पहिल्या वर्षी फेरी कोप्यांपर्यंत आली. एक म्हातारी बाई आईला म्हणाली, “उद्या जेवायला या बाई, लेकरं घेऊन या.” आईला खरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाई पुन्हा बोलवायला आली, तेव्हा आम्ही गेलो. चर्चमध्ये गवताची गव्हाणी केली होती. मुलांनी नाटुकले केले. योसेफ आणि मरिया नावनोंदणीसाठी गाव सोडून आलेली, उतरायला कोठे जागा नाही, म्हणून बाळ जन्मल्यावर ते गव्हाणीत ठेवले. आई ते पाहून हळूच म्हणाली, “ह्यांचा देव बी कोपीतलाच की गं.” मग पंगत झाली. आम्हाला बाजूला बसविले नाही, रांगेतच बसविले. पुढची चार वर्षे मी दसऱ्यापासून नाताळाचे दिवस मोजी.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, “जेवू घालायचे आणि धर्मात ओढायचे, अशीच ही रीत.” इतरांचे मला ठाऊक नाही. आम्हाला पाच वर्षांत कोणी नाव बदला म्हटले नाही. चैत्रात परत आलो की आई आधी तेरच्या यात्रेला जाई. त्या भागातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. पंगतीबाहेर बसणे काय असते हे त्या घरांना ठाऊक असावे, असे मला वाटते. ते आपल्यालाही ठाऊक आहे. मग आपण का बोलावीत नाही?

ही आठवण गोड आहे म्हणून ते दिवसही गोड होते असे मात्र कोणी समजू नये. त्याच पंगतीत आईचे हात ऊस सोलून इतके चिरले होते की आमटीत बोट घालवत नव्हते. नाताळाच्या दुसऱ्या पहाटे फड होताच. निम्म्या शाळेमुळे आजही इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसते. परदेशाच्या आठवणी लिहिणारे तिकडच्या रोषणाईबद्दल लिहितात, हातांबद्दल क्वचित लिहितात. असो.

माझे म्हणणे एवढेच, की सण ज्याच्या धर्माचा त्याचाच असतो असे नाही. ज्याला पाटावर बसविले त्याचाही तो होतो. नाताळ माझा झाला तो असा. आपल्या गावांतून दिवाळीत हे का घडू नये? तोडकऱ्यांच्या टोळ्या आपल्याही शिवारात उतरतात. आपण त्यांना फार तर उरलेला फराळ पिशवीत घालून देतो, तोही दारातून.

यंदा दिवाळीत गावाबाहेरच्या माळावर कोप्या पडल्या होत्या. आई सवयीने पिशवी भरू लागली. मी म्हटले, पिशवी नको, बोलावू. आई थांबली. “शेजारी काय म्हणतील?” मी नाताळाचे नाव काढले नाही, पण तिला कळले असावे. वडील काही बोलले नाहीत; त्यांनी ओसरीवर घोंगडे अंथरले. मी बोलावून आले. पाचसहा येतील असा अंदाज होता. चौदा लेकरे आली, दोन कडेवरची. करंज्या कमी पडल्या.