तालमीला जागा कोण देणार?

1997 साली स्वागत थोरात यांनी पुण्यातील 88 अंध विद्यार्थ्यांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हे नाटक उभे केले. पुढे त्यांनीच 44 अंध कलावंतांकडून ‘तीन पैशाचा तमाशा’ करून घेतला. पु. ल. देशपांडे यांचे हे नाटक ब्रेश्टच्या ज्या मूळ नाटकावर बेतले आहे, त्यातला पीचम हा व्यापारी धडधाकट माणसांना लुळ्या-आंधळ्याचे सोंग देऊन भीक मागायला बसवतो आणि लोकांच्या दयेवर तिजोरी भरतो. दयेचा हा धंदा उघडा पाडणारी कथा अंध नटांनी सादर करावी, याला विलक्षण अर्थ आहे.

मराठवाड्याला तर हा विषय परका नाही. पैठणच्या एकनाथांनी आंधळा, मुका, बहिरा यांना भारुडात आणले. पण ही सोंगे बहुधा डोळस, बोलत्या माणसांनीच घेतली. ज्याचे सोंग, तो श्रोत्यांत. तेही त्याला कोणी हात धरून आणले तर!

मुखेडच्या डोंगराळ तालुक्यातून हंगामात माणसे ऊसतोडीला जातात. कोयता न पेलणारा अपंग तरुण घरी उरतो आणि घरावरचा भार ठरतो. राज्य शासन दिव्यांग बालनाट्य स्पर्धा भरवते, हे चांगलेच आहे. परंतु शाळा सुटून गावी परतलेल्या नटाने पुढे कोठे उभे राहायचे? (‘अपंग’चा ‘दिव्यांग’ झाला, तरी सभागृहाच्या पायऱ्यांचा उतार झालेला नाही.) अंध नटाला रंगमंच पावलांनी पाठ करावा लागतो. विंग किती पावलांवर, समोरच्याचा आवाज कोणत्या बाजूने येणार, हे सारे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घोटावे लागते. उद्‌घाटनाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन हे काम होत नाही.

2016 च्या अपंग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभागाची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग अपंगांसाठी खर्च करण्याचे बंधनही या संस्थांवर आहे. मुखेडची नगरपरिषद आणि तालुक्यातील ग्रामपंचायती यांनी या पैशातून एक कलापथक उभे करावे. अपंग आणि धडधाकट नट त्यात बरोबरीने असावेत. त्यांना तालमीसाठी कायमची जागा, खेड्यातून येण्याजाण्याचे भाडे आणि मानधन मिळावे. मानधन प्रयोगाचे द्यावे तसे तालमीचेही द्यावे, कारण अपंग नटाला घेऊन येणाऱ्या आईची त्या दिवशीची मजुरी बुडते.