निवडणूक आयुक्त एकट्या सरकारने नेमू नये

एडवण गावचा मतदार लोकसभेला किंवा विधानसभेला मत देतो तेव्हा देखरेख भारत निवडणूक आयोगाची असते. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि पालघर जिल्हा परिषदेच्या मतदानाला ती राज्य निवडणूक आयोगाची असते. पहिल्या आयोगाचा प्रमुख कोणी निवडावा यावर गेल्या काही वर्षांत रकानेच्या रकाने लिहून आले. दुसऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. वास्तविक गावचा रस्ता, नळाची पाइपलाइन, मासळी सुकवण्याच्या ओट्यांची दुरुस्ती हे सारे दुसऱ्याच आयोगाने घेतलेल्या निवडणुकीतून आलेल्या माणसांच्या हाती असते. आणि या आयोगाचा प्रमुख नेमण्याची पद्धत पहिल्यापेक्षाही एकतर्फी आहे. घटनेच्या कलम 243-के नुसार नेमणूक राज्यपालांची, पण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे ज्या सरकारच्या पक्षांना निवडणूक लढवायची आहे, तेच सरकार पंच निवडते.

पंच पक्षपाती निघतोच असे माझे म्हणणे नाही. पण त्याच्यावर कुणाचा दाब पडू शकतो, हे पालघरने जवळून पाहिले आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ओबीसींच्या राखीव जागांवरच्या निवडी रद्द झाल्या. पालघरसह सहा जिल्हा परिषदांत पोटनिवडणुका लागल्या. जुलैची तारीख ठरली, सरकारने कोविडचे कारण पुढे केले, आयोगाने कार्यक्रम स्थगित केला. निर्णय आयोगाचा आहे, सरकारचा नाही, हे न्यायालयाला सांगावे लागले, तेव्हा कुठे 5 ऑक्टोबरला मतदान झाले. पुढच्याच वर्षी, मार्च 2022 मध्ये, विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतले. त्या वेळी सत्तेत आणि विरोधात कोण होते हे इथे गौण आहे. अशा कामात पक्षभेद फारसा आड येत नाही. वसई-विरार महापालिकेची मुदत जून 2020 मध्ये संपली आणि पुढचे मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झाले. घटना पाच वर्षे म्हणते. तिथे एक अख्खी मुदत प्रशासकाच्या कारभारात गेली.

यावर लगेच उत्तर येईल की दिरंगाई आरक्षणाच्या खटल्यांमुळे झाली, आयुक्तांमुळे नव्हे. बऱ्याच अंशी ते खरे आहे. पण न्यायालयात मुदतीचा आग्रह धरायचा तो कोणी? किशनसिंग तोमर खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की राज्य आयोगाचे अधिकार आपल्या क्षेत्रात केंद्रीय आयोगाइतकेच आहेत, आणि मुदतीत निवडणूक घेण्यासाठी सरकार सहकार्य करत नसेल तर त्याने न्यायालयात जावे. हे करायला कणा लागतो. शिवाय आपल्या आयुक्तांकडे पाहा. जे. एस. सहारिया आणि यू. पी. एस. मदान हे दोघेही राज्याचे माजी मुख्य सचिव. ते कर्तबगार अधिकारी होते यात वाद नाही. पण ज्यांच्या फायली काल-परवापर्यंत मुख्यमंत्र्यांपुढे जात होत्या, त्यांनीच आज मुख्यमंत्र्यांना नकार द्यायचा, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाकडून जरा जास्तच आहे. मदान सप्टेंबर 2024 मध्ये निवृत्त झाले, दिनेश वाघमारे यांची नेमणूक जानेवारी 2025 मध्ये झाली. मधले चार महिने खुर्ची रिकामी होती. निवृत्तीची तारीख पाच वर्षे आधी ठाऊक असूनही!

गोव्याने तर कहरच केला. तिथे राज्याच्या कायदा सचिवाकडेच आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला होता. मार्च 2021 मध्ये न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ही घटनेची थट्टा ठरवली आणि सरकारी नोकरीतला माणूस या पदावर बसता कामा नये, असा दंडक देशभरासाठी घातला. आंध्र प्रदेशात 2020 साली निवडणूक पुढे ढकलणाऱ्या आयुक्तांना अध्यादेशाने मुदत कमी करून घरी पाठवले गेले. उच्च न्यायालयाने त्यांना परत आणले. न्यायालये पद वाचवू शकतात, पण ती धावून येतात ती नुकसान झाल्यावर.

केंद्रीय मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनाही सरकारनेच नेमले होते ना, मग माणूस महत्त्वाचा, पद्धत नव्हे, असा दुसरा युक्तिवाद. आपल्याकडे तत्कालीन राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांचे उदाहरणही आहे. विधानसभेच्या विशेषाधिकार समितीपुढे जायला त्यांनी नकार दिला आणि मार्च 2008 मध्ये दोन दिवस कैद भोगली. पण ताठ माणूस योगायोगाने मिळेल यावर लोकशाहीचा कारभार सोडता येत नाही. विरोधी पक्ष समितीत आला की खोडा घालेल, ही तिसरी भीतीही फार खरी नाही. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असतात, 2005 च्या कायद्यापासून. विरोधी पक्षनेताच नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता बसावा, अशी तरतूदही त्यात आहे. 2024 नंतरच्या आपल्या विधानसभेला हा तपशील चांगलाच लागू पडतो. माहितीच्या अर्जावर अपील ऐकणारा निवडताना जे चालते, ते मतपेटीचा राखणदार निवडताना का चालू नये?

मात्र केंद्राचा नमुना उचलू नये. मार्च 2023 मध्ये घटनापीठाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी समिती ठरवून दिली होती; डिसेंबरच्या कायद्याने सरन्यायाधीश गेले, केंद्रीय मंत्री आला. दोन विरुद्ध एक. तिथे विरोधकाची असहमती फायलीत राहते, इतकेच. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 साली राज्यांसाठी मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेता असे मंडळ सुचवले होते. अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात, म्हणून त्यांच्या जागी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असावेत असे मला वाटते. पद रिकामे होण्याच्या तीन महिने आधी नावे जाहीर करण्याची अटही घालावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नेमणूक राज्यपालच करतील, शिफारस कोणी करायची एवढे विधिमंडळाने कायद्याने ठरवायचे. आयुक्तपद आज भरलेले आहे, कोणा एका नावावरून हमरीतुमरी होण्याचा प्रश्न नाही. हीच वेळ सोयीची. पालघर, बोईसर आणि डहाणूच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडावे, आणि मतदारांनी ते त्यांच्याकडे मागावे.