खांद्याला सहा महिने द्या

खांद्यावर शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूने टेबल टेनिसकडे कधी परतावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा दुखण्यावर सोपवला जातो. हात उचलताना कळ येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येते, शर्ट विनासायास अंगात घालता येतो. मग बॅट हातात घ्यायला काय हरकत आहे, असे खेळाडूला वाटते आणि घरच्यांनाही. पन्नाशीनंतरही नेमाने जिमखान्यात खेळायला जाणाऱ्यांना तर हा मोह फारच होतो. माझे म्हणणे असे की, फाटलेला रोटेटर कफ शिवल्यानंतर दुखणे हा परतीचा सर्वांत फसवा निकष आहे, आणि टेबल टेनिस ‘हलका खेळ’ आहे ही समजूत त्या फसगतीत भर घालते. परतीचा दिवस खांद्याच्या मोजलेल्या ताकदीवरून ठरला पाहिजे. त्याला साधारण सहा महिने लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त, आणि तेवढे ते द्यावेत.

खांद्याची खोबणी उथळ असते. म्हणूनच हात इतक्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडापेक्षा स्नायूंना जास्त करावे लागते. रोटेटर कफ म्हणजे असे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा. त्यांतली एखादी हाडापासून सुटली, तर सर्जन दुर्बिणीतून ती पुन्हा हाडाशी शिवतो. पण टाके कंडरेला फक्त जागेवर धरतात. ती हाडाशी एकजीव व्हायला काही महिने जातात. आंब्याचे कलम बांधणारा बागायतदार पट्टी घट्ट बसली म्हणून जोड जुळला असे मानत नाही, तसेच हे आहे. सर्वसाधारणपणे पहिले चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये राहतो आणि फिजिओथेरपिस्टच तो हलवतो. त्यानंतर रुग्ण स्वतः हात उचलू लागतो, आणि ताकदीचे व्यायाम सुरू व्हायला सुमारे तीन महिने उजाडतात. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरू लागते. धोका नेमका या मधल्या काळात असतो: हात बरा वाटतो आणि जोड अजून कच्चा असतो. शिवलेली कंडरा पुन्हा सुटली तरी प्रत्येकाला ते जाणवतेच असेही नाही. वय, मधुमेह, धूम्रपान आणि मुळात फाटलेल्या भागाचा आकार यांमुळे जोड आणखी सावकाश भरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. टेबल टेनिसचा चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा, बॅट दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. यात खांद्यावर भार कसला? पण भार चेंडूचा नसतोच, तो हाताचा असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा भरतो. फोरहँड टॉपस्पिन मारताना पायांतून आणि कमरेतून आलेला जोर खांद्यामार्गे हातात उतरतो, हात वेगाने पुढे येतो, आणि एवढ्याशा चेंडूला लागून त्याचा वेग जवळजवळ कमी होतच नाही. मग तो थांबवायचा कोणी? खांद्याच्या मागच्या बाजूच्या स्नायूंनी, म्हणजे रोटेटर कफच्याच एका भागाने. फटका मारण्यापेक्षा फटका आवरण्यात या स्नायूंची खरी कसोटी लागते, आणि तासाभराच्या सरावात हे शेकडो वेळा घडते. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटरचा झाला, २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा आला. या चेंडूला पूर्वीइतकी फिरकी आणि वेग द्यायचा, तर शरीराला अधिक जोर लावावा लागतो. खेळ हलका दिसतो, कारण त्यात धडक नाही आणि धाव लांबवर नाही. खांद्याच्या बाजूने पाहिले, तर तो अजिबात हलका नाही.

व्यावसायिक खेळाडू लवकर परततात, मग आपण का नाही, असेही विचारले जाते. उदाहरणे नीट पाहिली, तर ती उलटाच सल्ला देतात. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. तो वेस्ट इंडिजच्या दौऱ्याला मुकला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ धावा करून परतला. मारिया शारापोव्हाने ऑक्टोबर २००८ मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, २००९ च्या मे महिन्यात ती एकेरीत पुन्हा उतरली, सर्व्हिसची पद्धत काही काळ बदलून पाहिली, आणि फ्रेंच ओपन जिंकायला २०१२ उजाडले. दोघांच्या दुखापती वेगळ्या होत्या, पण उत्तम डॉक्टर आणि पूर्णवेळ फिजिओ दिमतीला असूनही त्यांना एवढा काळ द्यावा लागला. आठवड्यातून दोनदा फिजिओकडे जाणाऱ्या, बाकी दिवस नोकरी करणाऱ्या पन्नाशीच्या खेळाडूने त्यांच्याहून घाई करावी, याला काय आधार आहे?

खरा विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे. फार थांबले तर खांदा जाम होतो, हे खरेच आहे, आणि भीतीपोटी हात अंगाशी धरून बसणारे रुग्ण आपले नुकसानच करून घेतात. पण हालचाल वेगळी आणि खेळ वेगळा. सांध्याची हालचाल फिजिओच्या देखरेखीखाली लवकर सुरू व्हावी. टेबलापाशी मात्र पायरीपायरीने यावे. कोपर अंगाशी ठेवून करायचे पुश आणि ब्लॉक आधी, मग आखूड बॅकहँड, मग सर्व्हिस आणि अर्ध्या जोराचा फोरहँड ड्राइव्ह. पूर्ण टॉपस्पिन त्यानंतर, आणि उंच लॉबवर खांद्याच्या वर हात नेऊन मारायचा स्मॅश सर्वांत शेवटी. मल्टीबॉलचा सराव इथे फार कामाचा, कारण चेंडू कुठे आणि किती वेगाने येणार हे ठरवता येते; सामन्यात ते प्रतिस्पर्धी ठरवतो. ऑपरेशन झालेल्या हाताची ताकद दुसऱ्या हाताच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आली की पूर्ण जोराचा खेळ, असा निकष अनेक ठिकाणी वापरला जातो. साध्या हातात धरायच्या यंत्राने ती मोजता येते. ‘आता या वयात कशाला, चालायला जा’ हा सल्ला मला मान्य नाही. जागतिक व्हेटरन्स स्पर्धा १९८२ पासून चाळिशीपुढच्यांसाठीच भरते. डोळा, पाय आणि मन एकाच वेळी जागे ठेवणारा हा खेळ उतारवयात सुटू नये, म्हणून तर घाई नको.

राहिला पैसा. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च साठ ते नव्वद दिवसांपर्यंतच मिळतो. म्हणजे ताकदीचे व्यायाम सुरू होण्याच्या सुमारास विम्याचे दार बंद होते, आणि पुढची फिजिओथेरपी खिशातून करायची वेळ आली की कित्येक जण ती सोडून थेट टेबलाकडे वळतात. लाखाच्या घरातल्या शस्त्रक्रियेचे पैसे द्यायचे आणि ती टिकवणाऱ्या व्यायामाचे नाकारायचे, यात विमा कंपनीचाही फायदा नाही. कंडरा पुन्हा सुटली तर दुसरे बिल तिच्याकडेच येणार. निदान कंडरा शिवण्याच्या शस्त्रक्रियांपुरती तरी ही मुदत सहा महिन्यांची करायला हवी, आणि सर्जननेही घरी सोडतानाच्या कागदावर ‘जड काम टाळा’ एवढेच न लिहिता कोणत्या महिन्यात काय करायचे हे लिहून द्यायला हवे.