सप्त्याच्या पाळ्या, पाण्याच्या पाळ्या
माघ सरला की शहापूर-मुरबाडच्या गावांना हरिनाम सप्त्याचे वेध लागतात. भात झोडून झालेलं, खाचरं मोकळी, नांगरणीला अवकाश. अशात देवळापुढे मांडव पडतो. कुठे तुकाराम बीज धरून, कुठे चैत्रातली एखादी तिथी पाहून. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत वाचून होतात. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो वीणेचा पहारा. आठवडाभर वीणा जमिनीला टेकत नाही. पाळी संपली की वारकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. थोरला-धाकटा हा भेद तिथे उरत नाही. पंगतीही गाव वाटून घेतं, आणि काल्याला कल्याण-ठाण्यात नोकरी करणारी पोरं घरी येतात. पण हेच दिवस पाणीटंचाईचे. शहापूर तालुक्यातली भातसा आणि तानसा धरणं मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. सरकारकडे पाण्याचा हक्क मागायलाच हवा. त्याचबरोबर सप्त्याला पाळ्या लावणाऱ्या गावांनी विहिरींचा गाळ काढायला, ओढ्यावर बंधारा घालायलाही अशाच पाळ्या लावाव्यात. काल्याच्या कीर्तनात बुवांनीच तशी हाक द्यावी. गाव त्यांचा शब्द खाली पडू देणार नाही.