पाठीवर नाव नसलेला नायक

साहित्याच्या वाचनाने माणूस अधिक विवेकी होतो, असा दावा आपण साहित्याचे शिक्षक वर्षानुवर्षे करत आलो आहोत. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत तो असतो, निरोप समारंभाच्या भाषणांत असतो, आणि भाषाविषयांच्या तासिका कमी होऊ लागल्या की आपल्या निवेदनांतही तो हमखास उतरतो. या दाव्याची कसोटी पाहायची असेल तर साहित्याच्या वर्तुळाबाहेरचे एक चरित्र तपासणे उपयोगाचे ठरेल, असे आम्हांला वाटते. ते चरित्र आहे अमेरिकेतील फुटबॉल-प्रशिक्षक जो पटर्नो यांचे.

येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हाती धरून, शिरस्त्राणे घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. 1926 साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले पटर्नो ब्राउन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकले. 1950 साली ते पेनसिल्व्हेनियातील ‘पेन स्टेट’ विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आले, 1966 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि 2011 पर्यंत त्या पदावर राहिले. 46 हंगाम, 409 विजय, 1982 आणि 1986 ची राष्ट्रीय अजिंक्यपदे हा त्यांचा हिशेब. लाखाहून अधिक प्रेक्षकांचे क्रीडांगण त्यांच्या संघासाठी भरत असे. परंतु त्यांची कीर्ती केवळ विजयांची नव्हती. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, त्याने पदवी घेतलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी बऱ्याच अंशी अमलात आणला. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी पत्नीसह देणगी दिली, निधी उभारला. त्या ग्रंथालयाच्या नावात आजही त्यांचे आडनाव आहे.

या साऱ्यामागे एक ग्रंथ होता. शाळकरी वयात एका जेझुइट शिक्षकाबरोबर पटर्नो यांनी व्हर्जिलचे ‘इनीड’ मूळ लॅटिनमधून वाचले. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या वाचनाचे ऋण त्यांनी सविस्तर मान्य केले आहे. होमरचा अकिलीस स्वतःच्या मानासाठी लढतो. व्हर्जिलचा इनियस मात्र स्वतःहून मोठ्या कार्यासाठी राबतो, वैयक्तिक सुख बाजूला ठेवतो. पटर्नो यांना हा नायक आदर्श वाटला. त्यांच्या संघाच्या साध्या गणवेशावर खेळाडूचे नाव नसे, केवळ क्रमांक असे. एका प्राचीन महाकाव्याचे इतके थेट उपयोजन साहित्याच्या विभागांतही क्वचितच आढळेल.

नोव्हेंबर 2011 मध्ये हे चित्र कोसळले. पटर्नो यांचे तीन दशकांचे सहकारी जेरी सँडस्की यांच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवले गेले. जून 2012 मध्ये ते 45 आरोपांत दोषी ठरले. 2001 साली संघाच्या इमारतीतील स्नानगृहात सँडस्की यांना एका मुलासोबत पाहिल्याचे एका तरुण साहाय्यकाने पटर्नो यांना सांगितले होते. पटर्नो यांनी ते वरिष्ठांना कळवले. पोलिसांपर्यंत कोणीच गेले नाही. पटर्नो यांच्यावर खटला झाला नाही. आपण अधिक काही करायला हवे होते, असे मात्र त्यांनी नंतर स्वतःच म्हटले. विश्वस्तांनी त्यांना पदावरून दूर केले आणि जानेवारी 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीच्या अहवालाने वरिष्ठांबरोबर पटर्नो यांच्यावरही प्रकरण दडपल्याचा ठपका ठेवला. तो त्यांच्या कुटुंबाने अमान्य केला.

आमचा प्रश्न कायद्याचा नाही, वाचनाचा आहे. ‘इनीड’ हे केवळ कर्तव्यनिष्ठेचे स्तोत्र आहे काय? चौथ्या सर्गात इनियस देवाज्ञेनुसार डायडोला सोडून जातो आणि ती आत्मनाश करते. सहाव्या सर्गात पाताळात तो तिला पुन्हा भेटतो, स्वतःची बाजू मांडतो. ती एक शब्दही न बोलता पाठ फिरवते. अखेरच्या सर्गात शरण आलेल्या टर्नसला तो ठार करतो आणि काव्य तेथेच थांबते. नायकाच्या निष्ठेची किंमत कोण मोजतो, याची नोंद व्हर्जिलने बारकाईने ठेवली आहे. निष्ठेचा गौरव करणारा वाचक ती नोंद ओलांडून पुढे जाऊ शकतो. डायडोचे मौन ऐकण्यासाठी वेगळा कान लागतो.

आपल्याला हे परके वाटू नये. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी धर्माच्या सूक्ष्मतेचा आश्रय घेतला. राज्याशी असलेली त्यांची निष्ठा निर्विवाद होती, आणि नेमकी तीच त्या सभेत निरुपयोगी ठरली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्मांच्या त्यागाभोवतीचे तेजोवलय दूर करून पाहिले, तेव्हा अनेकांना ते रुचले नव्हते. संस्थेसाठी आयुष्य देणारा पुरुष आपल्याला इतका पूज्य वाटतो की त्या संस्थेत कोण असुरक्षित आहे, हे विचारणे आपल्याला अनादर वाटू लागते.

मग पटर्नो यांच्या वारशाचे काय करावे? जुलै 2012 मध्ये विद्यापीठाने त्यांचा पुतळा हटवला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय क्रीडा संघटनेने 1998 पासूनचे त्यांचे 111 विजय नोंदीतून रद्द केले. 409 चे 298 झाले. जानेवारी 2015 मध्ये ते विजय परत देण्यात आले. आमच्या मते पुतळा हटवणे योग्य होते, कारण पुतळा हा गौरव असतो. विजय खोडणे मात्र अनाठायी होते, कारण नोंद ही गौरव नसते. खेळले गेलेले सामने न झालेले करता येत नाहीत आणि त्या खाडाखोडीने एकाही मुलाला न्याय मिळत नाही. ग्रंथालयावरील नाव राहावे, पदवी घेतलेल्या खेळाडूंची आठवण राहावी आणि 2001 सालही त्यांच्याच शेजारी राहावे.

त्या मुलांची नावे आरोपपत्रात नव्हती. त्यांच्या संरक्षणासाठी तेथे केवळ क्रमांक होते: पीडित एक, पीडित दोन. निनावी सेवेचा आदर्श सांगणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव ग्रंथालयावर कोरले गेले होते, पुतळ्याखाली होते. खरोखर निनावी राहिली ती ही मुले.

साहित्य माणसाला आपोआप चांगले करत नाही, हे आपण आता मोकळेपणाने म्हणावे. ते आपल्यासमोर डायडोला आणि द्रौपदीला उभे करते. त्यांच्याकडे पाहायचे की नायकामागून निघून जायचे, हे वाचकाने ठरवायचे असते. तेव्हा महाकाव्य शिकवताना नायकाच्या गुणांवर टीप लिहायला सांगून आपण थांबू नये. या कथेत कोणाला विचारलेच गेले नाही, हा प्रश्नही परीक्षेत यावा. आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातही तो विचारता यावा.